सहाव्या महिन्याची पाच

३/१४, शुक्रवार. दुपारी ३, दुकान रिकामं.

ही वही आजपासून. कारण आजपासून मी दुसरा माणूस आहे.

इंग्लंडच्या विद्यापीठाचं पत्र आलं. मला घेतलं. एक वर्षाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम, विषय अन्नसंस्कृती. विद्यापीठाचं नाव इथे लिहीत नाही, दृष्ट लागते. उत्तरेकडे आहे आणि तिथे सतत पाऊस पडतो, एवढं पुरे.

वय एकतीस. त्यातली बारा वर्षं तैवानातल्या जियायीच्या या एका गल्लीत, एका लाकडी ठोकळ्यापुढे उभं राहून टर्कीचं मांस कापण्यात गेली. बाबा गेले तेव्हा मी एकोणीसचा होतो. तेव्हा सुरी हातात घेतली ती अजून खाली ठेवलेली नाही. (वाक्य जमलंय. अर्जाच्या निबंधात घालायला हवं होतं.)

पत्रात खाली ठळक अक्षरांत: जागा स्वीकारत असल्याचं ०६/०५ पर्यंत कळवावं, नंतर ती दुसऱ्याला दिली जाईल. म्हणजे सहाव्या महिन्याची पाच. जवळजवळ तीन महिने. मोठी विद्यापीठं माणसाला असा दम खाऊ देतात. आवडलं.

आईला सांगितलं. ती भात वाढत होती. त्यानंतर जेवढी गिऱ्हाइकं आली तेवढ्यांच्या वाडग्यात तिने टर्कीचे दोन-दोन तुकडे जास्त घातले. मग भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बोट करून म्हणाली, त्यांना सांगितलंस का?

शू-ह्वेई संध्याकाळी आली. माझी धाकटी बहीण. ऑर्किडची झाडं परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत कागदपत्रं बघते, त्यामुळे जगातला प्रत्येक कागद आपण तपासलाच पाहिजे असं तिला वाटतं. म्हणाली, दादा, पत्र दाखव. नाही दाखवलं. गेल्या वर्षी तिने आमच्या मेनूतलं इंग्रजी भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर दुरुस्त केलं होतं. हे प्रकरण माझं आहे. हे मी एकटा करणार.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज पन्नास इंग्रजी शब्द. रोज तीन किलोमीटर पळणे. आईवर न चिडणे.

३/१७, सोमवार. सकाळी ८:४०.

पाचचा गजर वाजला. बंद केला. इंग्लंडमध्ये त्या वेळी रात्रीचे नऊ असतात, म्हणजे नव्या वेळेप्रमाणे माझी झोपायचीच वेळ होती. शरीराला आतापासून सवय लागलेली बरी.

इंग्रजी नाव ठरवलं: एडमंड. हुंग रुई-त्सुंग हे तिकडच्या माणसाला जमणार नाही. एडमंड नावाने नवी ईमेलही उघडली आणि विद्यापीठाला कळवून टाकली. जुन्या पत्त्यावर सॉस आणि तांदळाच्या जाहिराती येतात. नव्या माणसाला नवा पत्ता.

आईला नाव म्हणून दाखवायला सांगितलं. तिने तीनदा प्रयत्न केला. मग म्हणाली, आ-त्सुंग, तो गॅस बारीक कर.

शब्द: पन्नासपैकी अकरा. पण अकरा पक्के.

३/२४, सोमवार.

शू-ह्वेईचा रोजचा प्रश्न: दादा, हो कळवलंस का? अजून का नाही?

तिला समजावलं. आपल्याकडे कुणी जेवायला बोलावलं तर पहिल्याच खेपेला हो म्हणतो का आपण? कुणी फळांची पेटी आणली तर तीनदा नको नको म्हटल्याशिवाय हात लावतो का? लगेच उडी मारली की माणूस अधाशी दिसतो. विद्यापीठालाही कळू दे की एडमंड हुंग विचार करून पाऊल टाकतो. शेवटच्या दिवशी, शांतपणे, एक क्लिक. याला वजन म्हणतात.

ती म्हणाली, दादा, ते तुला जेवायला बोलवत नाहीयेत.

उगीच वाद घालत बसलो नाही. पळायला गेलो. कोपऱ्यापर्यंत. पाऊस येईल असं वाटलं म्हणून परत आलो. आला नाही.

४/४, शुक्रवार. कबरी झाडायचा दिवस.

सकाळीच तिघं बाबांच्या कबरीवर. गवत कमरेएवढं. मी विळा मारला, शू-ह्वेईने दगड पुसला, आईने फळं, वाइन आणि टर्कीभाताचा वाडगा मांडला. बाबांना दुसऱ्या कुणाच्या दुकानातला भात चालायचा नाही, म्हणून घरचाच.

आई उदबत्ती घेऊन उभी राहिली आणि शेजारच्या कबरींवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बाबांशी बोलली. म्हणाली, ऐकलंत का, पोराला इंग्लंडला बोलावलंय. तुमच्या जागी बारा वर्षं उभा राहिला, एक दिवस तोंड वाकडं केलं नाही. आता सोडा त्याला.

तोंड मी बरेचदा वाकडं केलेलं आहे. आईला माहीत आहे. तरी असं म्हणाली.

मला रडू आलं. गवताची कुसळं डोळ्यात गेली असं सांगितलं.

जायचंच आहे मला. हे इथे नीट लिहून ठेवतो. सकाळी ठोकळ्यापुढे उभा राहिलो की पाय आपोआप हलायला लागतात, जसं काही कुठेतरी उशीर होतोय. हे गेली पाच-सहा वर्षं चाललंय. आई म्हणते रक्तात लोह कमी आहे.

४/९, बुधवार.

बॅग आणली. सर्वांत मोठी. घरात ठेवायला जागा नाही म्हणून दुकानात चार नंबरच्या टेबलाशी. गिऱ्हाइकं तिच्यावर पाय ठेवून जेवतात.

पहिली वस्तू: विजेचा भातकुकर. कुकरशिवाय इथून कुणीही परदेशी जात नाही. भात, सूप, अंडी, वाफेची मासळी, सगळं त्यात. शू-ह्वेई म्हणाली, दादा, आपल्याकडे ११० व्होल्ट, तिकडे २४०. लावलास की कुकर आणि तू, दोघंही जाल. मी म्हटलं, मला माहीत होतं. (नव्हतं.)

ट्रान्सफॉर्मर आणला. दुकानातल्या टर्कीच्या काट्यावर दोन्ही ठेवले. कुकरपेक्षा ट्रान्सफॉर्मर जड. दोघांचं मिळून एक पुष्ट नर टर्की होतो. विमानात तीस किलो चालतात. म्हणजे कपड्यांना वाव आहे, फक्त कोट, बूट आणि पुस्तकं यांचं काहीतरी बघावं लागेल.

आई म्हणते, आठव्या महिन्याच्या तेवीसच्या आत निघ. त्या दिवसापासून भुतांचा महिना लागतो, त्यात ती मला स्कूटरवरून धरणापर्यंत जाऊ देत नाही, विमान तर सोडाच. मी म्हटलं, अगं आई, मी शिकलेला माणूस आहे. मग कॅलेंडर काढून तेवीसवर खूण केली.

शब्द: या आठवड्यात एकूण सतरा. पण ट्रान्सफॉर्मर त्यात धरलेला नाही.

४/१८, शुक्रवार.

एडमंडच्या पत्त्यावर विद्यापीठाची मेल. विषयाच्या जागी एकच शब्द: रिमाइंडर. शब्दकोशात बघितला. आठवण. म्हणजे मी त्यांच्या आठवणीत आहे. मनाला फार बरं वाटलं. एवढ्या हजारो मुलांत.

मेल उघडली नाही. नवा नियम असा की मेल फक्त रविवारी, सगळ्या एकदम. वेळेचं नियोजन हा तिकडच्या शिक्षणाचा पाया आहे.

४/२०, रविवार.

दुकानात मरणाची गर्दी. मेल पुढच्या रविवारी.

४/२७, रविवार.

देवळात गेलो. गल्लीच्या तोंडाशी भूमीदेवाचं छोटं देऊळ आहे. लिन काका तिथली झाडलोट आणि दिवाबत्ती बघतात. बाबांचे दोस्त, त्यामुळे माझा कान धरायचा हक्क आहे असं समजतात. आईने सांगितलं होतं, एवढं मोठं काम, कौल लावल्याशिवाय करू नकोस.

लिन काकांनी चंद्रकोरीचे दोन लाकडी तुकडे हातात दिले. एक पालथा एक उताणा पडला तर देव हो म्हणतो. दोन्ही पालथे, नाही. दोन्ही उताणे पडून डोलायला लागले तर देव हसतोय. लिन काका म्हणाले, नाव सांग, पत्ता सांग, प्रश्न अगदी नेमका विचार, देवाला मोघम बोललेलं आवडत नाही.

मी नेमका विचारला. मी हुंग रुई-त्सुंग, टर्कीभाताच्या दुकानातला. सहाव्या महिन्याच्या पाचला जागा स्वीकारतो असं कळवलं तर माझं काम होईल का?

टाकले. दोन्ही उताणे. हसला.

परत टाकले. हसला.

तिसऱ्यांदा टाकले. एक तुकडा खांबापर्यंत घरंगळत गेला आणि तिथे जाऊन उताणा पडला. लिन काका कपाळाला हात लावून म्हणाले, तीनदा हसला म्हणजे तुझा प्रश्नच कुठेतरी चुकलाय, आ-त्सुंग. घरी जा, तो कागद परत वाच. नाहीतर तुझ्या बहिणीला वाचायला दे.

लिन काका जुन्या वळणाचे आहेत. देव हसतो तो आनंदाने. तीनदा हसला म्हणजे किती खूश असेल. आईला तसंच सांगितलं. ती पण खूश झाली.

देवळातून आल्यावर दमलो होतो. मेल राहिल्या.

५/१, गुरुवार.

आईने माझ्या जागी बाई ठेवली. फांगबाई. पन्नाशीच्या, बुटक्या, हात पोलादाचे. आई म्हणाली, तू आहेस तोवर तिला शिकवून ठेव.

शिकवायला बसलो. टर्कीची छाती धाग्यांच्या दिशेने कशी सोलायची, चरबीचा रस भातावर किती आणि कधी सोडायचा, तळलेला कांदा शेवटी का. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, हो हो, माझ्या सासरी हेच दुकान होतं, तीस वर्षं. मग माझ्या हातातून सुरी घेतली आणि एका दमात अख्खी छाती कापली. प्रत्येक तुकडा सारखा. माझे तुकडे वेगवेगळे असतात. त्यात एक व्यक्तिमत्त्व असतं.

तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, आज मांस इतकं चांगलं कसं? नवी माणसं आली की लोक कौतुक करतातच.

५/६, मंगळवार.

आज विशेष काही नाही. कुकर तिसऱ्यांदा बॅगेत भरला. उकडतंय.

५/७, बुधवार.

विद्यापीठाची आणखी एक मेल. सारखी आठवण काढतात. रविवारी बघू.

५/११, रविवार. मातृदिन.

आज मेल बघायचा वार, पण आईपेक्षा मेल मोठी नाही. आईला आणि शू-ह्वेईला घेऊन हॉटपॉटचं उकळतं सूप खायला गेलो. आईने बारा वर्षांत पहिल्यांदा दुपारी दुकान बंद ठेवलं. रस्त्याने चालताना दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होती. शटर चोरीला जाईल की काय असं तिला वाटत होतं.

जेवताना अचानक म्हणाली, तू तिकडे पोचलास की मी पण येऊन बघेन, लांब जाता येतं का ते. पासपोर्ट कसा काढतात, असं शू-ह्वेईला विचारलं. आई आजवर तैपेईच्या पुढे गेलेली नाही, आणि तिथेही एकदाच, मावशीच्या लग्नाला.

पासपोर्टचं ऐकल्यावर माझी भूक गेली. का ते कळलं नाही. हॉटपॉट तिखट होतं.

५/२०, मंगळवार.

रात्री नीट झोप लागत नाही. पाय वळवळतात. बॅग उघडतो, बंद करतो. उघडली की वाटतं काहीतरी राहिलंय, बंद केली की वाटतं फार भरलंय. फांगबाई म्हणाल्या, बॅगेची चेन तुटेल, मग काय दोरीने बांधून नेणार का?

शू-ह्वेई म्हणाली, दादा, निदान व्हिसाचं तरी बघ, त्याला स्वीकारलेल्या जागेचा कागद लागतो. मी म्हटलं, सगळं क्रमाने होईल. आधी पाच तारीख. ती म्हणाली, मग आज का नाही, आज कळवलंस तर कुणाचं काय जातं? म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. पाच म्हणजे पाच.

खरं तर तिचं म्हणणं बरोबर होतं. पण मोठ्या भावाला ते तोंडावर म्हणता येत नाही.

५/२५, रविवार.

निरोपाचं जेवण. आईने पंचांग बघून दिवस काढला होता. गल्लीत तंबू ठोकला, आठ गोल टेबलं, आचारी बाहेरून मागवला. आपल्याच मुलाच्या जेवणाला टर्कीभात नको, लोक काय म्हणतील, असं आईचं म्हणणं.

सगळी गल्ली आली. लिन काकांनी भाषण केलं. म्हणाले, याचा बाप मला म्हणायचा, माझं पोरगं या ठोकळ्यापाशी मरायला नको. आज तो असता तर दोन बाटल्या संपवल्या असत्या. मग त्यांनी त्याच्या वाटच्याही संपवल्या.

छेन मास्तर आले होते. मला चौथीला शिकवलं त्यांनी, आता ऐंशीच्या पुढे. म्हणाले, तिकडे थंडी हाडात शिरते, आणि लोकरीचा मफलर दिला. स्वतः बाजारात जाऊन आणला. उद्यापासून तैचुंगला मुलाकडे राहायला जाणार आहेत, काही महिने, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. म्हणाले, मी परत येईन तोवर तू गेलेला असशील. माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

मी पण बोललो. दोन ओळी इंग्रजीतून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नाही, ते बरंच झालं. त्यातली एक ओळ चुकली होती.

शेवटी आईने सगळ्यांसमोर एडमंड म्हणून दाखवलं. पूर्ण. न अडखळता. कधी शिकली कुणास ठाऊक.

६/५, गुरुवार. सकाळी.

आज. पांढरा शर्ट, इस्त्री. दुकान तासभर बंद. लिन काका देवळातून उदबत्त्या घेऊन आले. आई, शू-ह्वेई, फांगबाई, सगळी माझ्या खुर्चीमागे. शू-ह्वेईने अर्ध्या दिवसाची रजा काढली.

आता वही ठेवतो. नंतर लिहीन.

६/५. दुपारी.

जसं झालं तसं लिहितो.

पत्रातली लिंक उघडली. एडमंड हुंग लिहिलं. क्लिक केलं. पानावर एकच ओळ आली. त्यात एक शब्द माझ्या ओळखीचा नव्हता, लॅप्स्ड. मला वाटलं अभिनंदनाचा असेल. मी उभा राहून म्हटलं, झालं. आईने टाळ्या वाजवल्या. लिन काकांनी उदबत्ती कपाळाला लावली. फांगबाईंनी माझी पाठ थोपटली, ती अजून दुखते आहे.

शू-ह्वेई स्क्रीनकडे बघत होती. म्हणाली, दादा, लॅप्स्ड म्हणजे मुदत संपली.

मी म्हटलं, कशी संपेल, आज पाच आहे.

ती म्हणाली, पत्र दाखव. या वेळी दाखवलं. तिने पुरते तीन सेकंद बघितलं. मग खुर्ची ओढून बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, दादा, तिकडे दिवस आधी लिहितात, महिना मागून. हे ०६/०५ म्हणजे पाचव्या महिन्याची सहा. मी रोज ऑर्किडच्या पेट्यांवर हेच लिहिते, दादा. रोज.

लिन काका देवळाच्या दिशेने बघत राहिले. आईने मला विचारलं, म्हणजे नाही का? मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, म्हणजे आता काय करायचं? फांगबाईंनी शटर वर केलं. बाहेर चार माणसं जेवायला थांबली होती.

सहा तारखेला मी काय करत होतो ते वहीत बघितलं. आज विशेष काही नाही. कुकर तिसऱ्यांदा बॅगेत भरला.

६/६, शुक्रवार.

एडमंडच्या सगळ्या मेल वाचल्या. एकूण पाच. कळवा. अजून कळवलं नाहीत. उद्या शेवटचा दिवस. कळवलं नाहीत, खेद आहे. आणि एक वसतिगृहातल्या गाद्यांबद्दल.

चूक माझी नाही, क्रमाची आहे. आपण आधी मोठं सांगतो, मग लहान. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आधी शहर, मग रस्ता, मग गल्ली, मग घर. आधी घराण्याचं नाव, मग माणसाचं. सरळ, समजूतदार क्रम आहे. जे लोक जेवणाच्या शेवटी गोड खातात त्यांच्याकडून दुसरं काय होणार.

शू-ह्वेई म्हणाली, दादा, अर्जात जन्मतारीख भरलीस ना, तेव्हा नाही का कळलं? मी म्हटलं, माझा जन्म आठव्या महिन्याच्या आठचा. कुठूनही वाच, तेच. आजवर अडलंच नाही कधी.

हे ऐकून ती हसली. मग रडली. मग विद्यापीठाला लांबलचक मेल लिहायला बसली. मी नको म्हणालो नाही.

आता एक गोष्ट लिहितो. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मुदत संपली असं ती म्हणाली, तेव्हा सगळ्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं. अगदी एक क्षण. पाय थांबले. मग आईचा चेहरा दिसला.

तीन महिन्यांत कुठल्याही दिवशी मी हो म्हणू शकलो असतो. रोज कुकर भरला आणि रोज काढला. देव तीनदा हसला. लिन काकांनी कागद परत वाच म्हणून सांगितलं. बहीण रोज विचारत होती. मला भीती वाटत होती. बस, एवढंच. ट्रान्सफॉर्मरची, पावसाची, एडमंडची. इथला ठोकळा मला आवडत नाही, पण तिथे काय करायचं ते हाताला माहीत आहे.

हे पान फाडून टाकायचं का, उद्या ठरवू.

६/१२, गुरुवार.

विद्यापीठाचं उत्तर शू-ह्वेईच्या मेलला आलं. सभ्य भाषा. या वर्षी जागा भरल्या आहेत. पुढच्या वर्षी परत अर्ज करावा, आम्हाला आनंद होईल.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आनंद होईल असं लिहिलंय ना, मग कर. आणि पत्र आलं की आधी शू-ह्वेईला दाखव. मग माझ्या हातात सुरी द्यायची सोडून म्हणाली, फांगबाईंना काढता येणार नाही. मी शब्द दिलाय. तू कांदा बघ.

संकल्प: रोज शंभर शब्द. पहाटे साडेचार. कांदा जळू न देणे.

१८/९, गुरुवार.

तारीख हल्ली अशी लिहितो. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

भुतांचा महिना संपायला अजून तीन दिवस आहेत. अशा दिवसांत तिकडे जाऊन पडलो असतो तर काही खरं नव्हतं, असं मी आईला म्हटलं. ती हो म्हणाली. हल्ली ती मला बऱ्याच गोष्टींना हो म्हणते. तिचा पासपोर्ट आला आहे. बाबांच्या फोटोखाली ठेवलाय.

ठोकळ्यापाशी फांगबाई असतात. मी मागे. कांदा, भांडी, तांदूळ धुणे. सुरुवातीचे दोन महिने मी मागच्या दारानेच ये-जा केली. गल्लीतल्या लोकांना सगळं माहीत आहे, पण माझ्यासमोर कुणी विषय काढत नाही. आठ टेबलांचं जेवण जेवलेत ते, तेवढी भीड असतेच.

आज छेन मास्तर आले. तैचुंगहून परवाच परतले, डोळा बरा झालाय. भात घेऊन मी बाहेर गेलो तर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, आलास पण? वर्ष कसं गेलं कळलंच नाही. काय, कसं होतं इंग्लंड?

मागे फांगबाईंची सुरी थांबली. आई भाताच्या पिंपापाशी होती, तिचाही हात थांबला. मी काय म्हणणार? ऐंशीच्या पुढचा माणूस, कसा खूश होऊन बघत होता.

म्हटलं, थंडी फार.

मास्तर म्हणाले, हाडात शिरते, सांगितलं होतं ना मी. मफलर उपयोगी पडला का? म्हटलं, हो, रोज घालायचो. त्यांचे डोळे भरून आले, ऑपरेशन झालेला सुद्धा. आईकडे वळून म्हणाले, बघा, केवढा शहाणा होऊन आलाय. काय काय शिकला तिकडे?

आई माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, कांदा चांगला तळतो आता.

मास्तरांनी खाऊन बघितला. खरंच, म्हणाले, अगदी वेगळी चव. दुसरा वाडगा मागितला.

संध्याकाळी बॅग उघडली. चार नंबरच्या टेबलाशी अजून तशीच आहे. कुकर काढला, ट्रान्सफॉर्मर काढला, तळाशी मफलर होता. दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली. ती कात्रीने काढली आणि मफलर गळ्याला दोन वेढे देऊन आरशासमोर उभा राहिलो. चांगला दिसतो. बाहेर तेहतीस डिग्री होतं.

आई दारातून म्हणाली, काढ तो, घामोळं येईल.